मधुमेह आणि रक्तदाब स्वतः शिकून सांभाळता येतो का?

प्रश्न : मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ४९. सहा वर्षांपासून मधुमेह आणि दोन वर्षांपासून रक्तदाब आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. मागच्या तपासणीत एचबीए१सी ८.२ आले. डॉक्टर चांगले आहेत, पण दवाखान्यात गर्दी असते आणि तीन महिन्यांतून एकदा मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत फारसे विचारता येत नाही. म्हणून मोबाइलवर बरेच वाचते, व्हिडिओ पाहते. एक जण भात सोडा म्हणतो, दुसरा गोळ्याच सोडा म्हणतो. स्वतः शिकून हे आजार सांभाळणे खरोखर शक्य आहे का? असल्यास सुरुवात कुठून करावी?

उत्तर : शक्य आहे, आणि वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या आजारात त्यावाचून गत्यंतरही नाही. भाकरी एक की दोन, सकाळची गोळी राहून गेली तर काय करायचे, पंगतीत वाढपी जिलेबीचे ताट घेऊन समोर उभा राहिला तर त्याला काय सांगायचे, असे कितीतरी निर्णय रोज होतात आणि त्यांपैकी एकही डॉक्टर घेत नाही. तुमच्या पत्रावरून असे दिसते की तुमचे वाचन भरपूर झाले आहे, परंतु वाचलेल्यातली एकही गोष्ट तुम्ही स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहिलेली नाही. गोंधळाचे मूळ तिथे आहे, असे मला वाटते.

हे आजार अनुभवाने का शिकता येत नाहीत, ते आधी समजून घ्यावे लागेल. विळीने बोट कापले की माणूस पुढच्या वेळी जपून चिरतो, कारण चूक आणि तिचे फळ यांत क्षणाचेही अंतर नसते. मधुमेहात जेवणानंतर साखर २४० झाली तरी बहुतेकांना काहीही जाणवत नाही आणि रक्तदाब १६० असतानाही माणूस हसतखेळत वावरतो. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांवर होणारा परिणाम कित्येक वर्षांनी उघड होतो. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगायचे तर, ही दहा वर्षांनी तपासून मिळणारी उत्तरपत्रिका आहे. तिच्यावरून कोणता विद्यार्थी सुधारेल? ‘मला साखर वाढली की बरोबर कळते, डोके जड होते’ असे ठामपणे सांगणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. तिथल्या तिथे बोट टोचून पाहिले की त्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकलेला निघतो. म्हणून या आजारात शिकण्याची पहिली अट ही की फळ लवकर दिसेल अशी सोय करणे, आणि ती सोय म्हणजे मोजमाप.

या बाबतीत रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकी अभियंत्याचा दाखला देण्याजोगा आहे. त्यांना वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिनच तयार न होण्याचा प्रकार, होता आणि तरुणपणीच त्याचे दुष्परिणाम दिसू लागले होते. १९६९ साली रक्तातील साखर मोजणारे यंत्र केवळ डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकले जात असे. पत्नी डॉक्टर असल्याने तिच्या नावावर त्यांनी ते मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागले. इन्सुलिन आणि आहार यांत थोडा बदल करायचा, पुन्हा मोजायचे, नोंद करायची, असा त्यांचा क्रम होता. वैद्यकीय नियतकालिकांनी दखल घेतली नाही तेव्हा पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. त्यांनी पुरस्कारलेला अत्यंत कमी कर्बोदकांचा (भात-भाकरीतले पिष्ट आणि साखर यांचा) आहार आजही वादाचा विषय आहे आणि तो मी सरसकट कोणाला सुचवत नाही. घ्यायची आहे ती त्यांची पद्धत. आज प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळणारा ग्लुकोमीटर घरोघरी पोहोचला, त्यामागे त्यांच्यासारख्या रुग्णांचा आग्रह आहे.

प्रौढांच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये स्वयंप्रेरित शिक्षणाची जी मांडणी केली, ती इथे जशीच्या तशी लागू पडते. आपल्याला काय येत नाही हे शिकणाऱ्याने स्वतः ओळखायचे, उद्दिष्ट ठरवायचे, साधने व माणसे शोधायची, रीत निवडायची आणि शेवटी शिकलो की नाही हे स्वतःच तपासायचे. दुसऱ्याची मदत घ्यावी किंवा घेऊ नये, पुढाकार मात्र शिकणाऱ्याचाच. मोबाइलवरचे वाचन तिसऱ्या पायरीवर सुरू होते आणि तिथेच संपते. तुमची पहिली पायरी अजून बाकी आहे.

ती पायरी म्हणजे तुमचा आकडा. एचबीए१सी ८.२ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमची साखर सरासरी १९० च्या आसपास राहिली. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना चिकटलेल्या साखरेवरून हा आकडा निघतो. पण तुमच्या वयात पाळी अनियमित होऊन रक्तस्राव वाढण्याचा आणि लोह कमी होण्याचा संभव असतो. लोहाच्या कमतरतेमुळे हा आकडा प्रत्यक्षाहून थोडा वर जाऊ शकतो. म्हणून हिमोग्लोबिन तपासलेले नसेल तर ते आधी तपासून घ्या. शिवाय सरासरी कधी बिघडली हे ती सांगत नाही. उपाशीपोटी साखर जास्त असते की दुपारच्या जेवणानंतर, की शाळेतून आल्यावर चहाबरोबर खाल्लेल्या पदार्थांनी, हे घरीच शोधावे लागते. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत, अशी अपेक्षा असते. तुमची स्वतःची मर्यादा डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्यावी.

आता एकच प्रश्न निवडा, आणि तो तुमच्या रोजच्या दिवसातला असू द्या. समजा प्रश्न असा आहे की माझ्या नेहमीच्या नाश्त्याने साखर किती वाढते. नाश्त्यापूर्वी एकदा मोजायचे आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजायचे. असे तोच नाश्ता ठेवून दोन-तीन दिवस करायचे, म्हणजे एका दिवसाच्या योगायोगाने फसगत होत नाही. त्यानंतर एकच गोष्ट बदलायची. पोहे अर्धी वाटी कमी करून सोबत मोडाची मटकी घ्यायची, किंवा पदार्थ तोच ठेवून नंतर वीस मिनिटे चालायचे, आणि पुन्हा त्याच दोन वेळा मोजायचे. एकाच दिवशी पोहेही बदलले, चालणेही वाढवले आणि मेथीचे पाणीही सुरू केले, तर साखर कमी झाली तरी कशाने झाली ते कधीच कळणार नाही. मीटरमध्ये घालायच्या स्ट्रिप स्वस्त नाहीत, तेव्हा रोज उठून उपाशीपोटी एकदा मोजायचे, आकडा पाहून हळहळायचे आणि वही मिटायची, यात पैसा घालवू नये. ज्या मोजण्याने पुढचा कोणताही निर्णय बदलणार नाही ते मोजणे बंद केले तरी चालते. इन्सुलिन न घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे मी आवर्जून सांगतो. ग्लिमेपिराइड साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकते; ते चालू असताना साखर कमी झाल्याची शंका आली, तर मात्र स्ट्रिपचा विचार न करता लगेच मोजावे.

मीटरचा स्वभावही ओळखून घ्यावा. घरगुती मीटरसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांचा फरक मान्य करते. म्हणजे खरा आकडा १६० असेल तर मीटरवर १३६ ते १८४ यांतला कोणताही दिसू शकतो. दहा-बारा अंकांच्या फरकावरून ‘कारल्याचा रस लागू पडला’ असे ठरवू नये. हात धुण्याचे तर विचारूच नका. करवीर तालुक्यातले एक गुऱ्हाळमालक हंगामात अधूनमधून २९०, ३१० असे आकडे वहीत मांडून आणत आणि बाकीचे सगळे आकडे दीडशेच्या घरात. त्यांना दवाखान्यात मीटर काढून नेहमीप्रमाणे मोजायला सांगितले. त्यांनी खिशातून स्पिरिटचा बोळा काढून बोटावरून एकदा फिरवला, टोचले, आकडा आला २८४. मग बेसिनवर साबणाने दोन्ही हात धुऊन, कोरडे पुसून, त्याच हाताच्या दुसऱ्या बोटावर मोजले तेव्हा १५७. काहिलीजवळच्या (गूळ शिजवायच्या कढईजवळच्या) चिक्कीला, म्हणजे घट्ट होत आलेल्या गुळाला, हात लागलेला, नखाकडेला गुळाचा अंश राहिलेला, आणि घरचे त्यांच्या रात्रीच्या जेवणात कपात करत होते. हापूस कापल्यावरही असेच होते.

गुळाचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे ‘गूळ चालतो, साखर नको’ हे इतके पक्के बसले आहे की ते खोडून काढताना भावना दुखावतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु गुळातला बहुतांश भाग साखरेचाच असतो आणि रक्तात पोहोचल्यावर तो सेंद्रिय होता की कसा होता, याने फरक पडत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. गुळाचा चहा आणि बिनसाखरेचा चहा असे दोन वेगळ्या दिवशी घेऊन मोजा. ज्वारीच्या भाकरीबद्दलही असेच. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. भाकरी चांगलीच आहे, पण ‘भाकरीच आहे’ म्हणून तिसरी घेतली की चांगुलपणा संपतो. याउलट तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला लोक साखरेसाठी उगाच घाबरतात. साखर वाढवतो तो त्याबरोबरचा भात. रश्श्यातले मीठ हा तुमच्या दुसऱ्या आजाराचा, रक्तदाबाचा प्रश्न आहे.

रक्तदाबही घरी मोजता येतो, आणि बऱ्याच जणांचा दवाखान्यातला आकडा भीतीने वाढलेला असल्यामुळे घरचा आकडा अधिक विश्वासार्ह ठरतो. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. अर्धा तास आधीपासून चहा नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवावा. सकाळी गोळीपूर्वी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट सोडून, असे डॉक्टरांच्या भेटीआधीचे सात दिवस पुरेसे आहे. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती वाढलेली समजतात. वर्षभर दिवसातून पाच वेळा मोजणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा रक्तदाब बहुधा मोजण्यानेच वाढतो.

आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टी दुसऱ्याने दाखवूनच शिकाव्या लागतात. तुम्हाला आज इन्सुलिन नाही, तरी उदाहरण म्हणून सांगतो. आपल्या देशात कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते, तर पेनमधले १०० चे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० च्या सिरिंजने ४० चे इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत ओढले तर शरीरात जातात फक्त चारच युनिट. उलट झाले तर अडीचपट जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. हे शंभर वेळा वाचले तरी हातात सिरिंज धरून परिचारिकेसमोर एकदा भरून दाखवेपर्यंत पक्के होत नाही. पायांचेही तसेच. वर्षातून एकदा मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासून घ्यावी. ती कमी झाली असेल तर मे महिन्यात अंबाबाईच्या आवारातल्या किंवा जोतिबाच्या डोंगरावरच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना चटका कळत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतात. भक्तीच्या आड मी येत नाही; पहाटे जावे, किंवा जाड मोजे घालावेत. अशा पायांना अंगठ्याची कोल्हापुरी चप्पलही मानवत नाही, हे लिहिताना आम्हा कोल्हापूरकरांना वाईट वाटते, पण तिच्या नव्या कातड्याने झालेली जखम महिनोन्महिने चिघळू शकते.

आता मर्यादेकडे वळतो. जेवणाचे प्रमाण, वेळ, चालणे, झोप, मोजमाप, पायांची काळजी, यांत तुम्ही हवे तेवढे प्रयोग करावेत. गोळी बंद करणे, मात्रा बदलणे, किंवा गोळीबरोबर एखादी पुडी अथवा काढा सुरू करणे हे प्रयोगाचे क्षेत्र नाही. साखर नीट आली म्हणून गोळी सोडणाऱ्याचा तर्क वरवर बरोबर वाटतो, परंतु ती साखर गोळी चालू असतानाची असते. गोळ्या कमी होऊ शकतात, वजन बरेच उतरले तर काहींच्या बंदही होतात. पण ते नोंदी समोर ठेवून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. भात सोडायचा असल्यास तेही आधी सांगून करावे, कारण कर्बोदके एकदम कमी केली आणि ग्लिमेपिराइड तेवढेच राहिले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हाताला कंप, कडाडून भूक, बोलण्यात गोंधळ, अशी लक्षणे दिसली आणि साखर ७० च्या खाली असली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. तरीही ७० च्या खाली असल्यास तेवढीच साखर पुन्हा घ्यावी आणि आकडा वर आला की काहीतरी खावे. मोजायची सोय नसेल तर मोजण्यासाठी थांबू नये. पेढा किंवा चॉकलेट इथे उपयोगाचे नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा मिळते. या गोळीचा परिणाम बराच काळ टिकत असल्याने वर आलेली साखर पुन्हा खाली येऊ शकते, म्हणून पुढचे काही तास एकटे राहू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. हे सारे तुमच्या घरच्यांना आणि शिक्षक-खोलीतल्या एखाद्या सहकाऱ्याला माहीत असायला हवे, कारण त्या वेळी तुम्ही स्वतः नीट विचार करण्याच्या स्थितीत नसाल. तसेच उलट्या-जुलाब किंवा मोठा ताप असताना मेटफॉर्मिनसारख्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या आणि केव्हा, हे बरे असतानाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

मोबाइलवरच्या माहितीसाठी माझी कसोटी अगदी साधी आहे. हा सल्ला कोणाला लागू नाही, हे सांगणारा मजकूर वाचण्याजोगा असतो. जो सर्वांना एकच उपाय सांगतो आणि शेवटी काहीतरी विकतो, त्याला आपले वय, गोळ्या आणि मूत्रपिंडांची अवस्था ठाऊक नसते. त्यामुळे ‘भात सोडा’ हे वाचल्यावर हो किंवा नाही म्हणायची घाई नको. ‘माझ्या ताटातला एक वाटी भात माझी साखर किती वाढवतो’ असा त्याचा प्रश्न करा, आणि त्याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

पाच-सात मिनिटांची तुमची तक्रार रास्त आहे. ही वेळ वाढवणे तुमच्या हातात नाही, पण तिचा उपयोग बदलता येतो. पूर्ण वही डॉक्टरांपुढे ठेवू नका, ती कोणी वाचत नाही. एका पानावर डावीकडे जेवणाआधीचे व नंतरचे आकडे, खाली रक्तदाबाची सात दिवसांची सरासरी, आणि उजवीकडे दोनच प्रश्न लिहा. ‘दुपारच्या जेवणानंतर माझी साखर सतत सव्वादोनशेच्या वर जाते, डबा बदलून फरक पडला नाही, पुढे काय?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला उत्तर द्यावेच लागते, आणि उत्तर देणाऱ्यालाही बरे वाटते. निघण्यापूर्वी ‘मला जे समजले ते सांगते, बरोबर आहे का पाहा’ असे म्हणून सूचना आपल्या शब्दांत सांगा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आणि मूत्रपिंडांची स्थिती सांगणाऱ्या लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन या तपासण्या वर्षभरात झाल्या आहेत का, हेही तुम्हीच विचारा. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असल्याने ब जीवनसत्त्वांपैकी बी १२ सुद्धा एकदा तपासायला हरकत नाही.

एकटीने हे निभेल का, अशी शंका तुमच्या मनात असणार. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम घडवला, तो सहा आठवड्यांचा, आठवड्यातून एकदा अडीच तासांचा असतो आणि तो डॉक्टर चालवत नाहीत. स्वतः असाच आजार असलेली, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे चालवतात. त्यातली एक युक्ती मी सर्वांना सांगतो. पुढच्या आठवड्यात काय करणार, किती, कधी आणि आठवड्यातून किती दिवस, हे एका वाक्यात लिहायचे, आणि ते जमेल याची खात्री शून्य ते दहा यांत किती आहे हे स्वतःला विचारायचे. सातच्या खाली उत्तर आले तर बेत लहान करायचा. ‘रोज रंकाळ्याला फेरी मारीन’ याची खात्री चार असेल, तर ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळा सुटल्यावर वीस मिनिटे’ याची आठ असू शकते. तुमच्या शाळेतच मधुमेह असलेले आणखी तिघे-चौघे निघतील. महिन्यातून एकदा मधल्या सुट्टीत डबे आणि आकडे समोरासमोर ठेवून बसलात तरी बरेच साधेल. तिथे गोळ्यांची देवाणघेवाण मात्र होऊ देऊ नका.

नवरात्रात तुम्ही उपवास करत असाल, तर त्यापूर्वी एक भेट खास त्यासाठी घ्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने साखर झपाट्याने वाढते. आणि दिवसभर काही न खाता ग्लिमेपिराइड तसेच घेतले तर ती खाली कोसळते. त्या नऊ दिवसांत सकाळची गोळी किती घ्यायची, उपवासाला वरई आणि शेंगदाण्याची आमटी किती चालेल, आणि साखर कितीच्या खाली गेली की उपवास सोडायचा, हे तीन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून न्या. आधीच्या एखाद्या एकादशीला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोजलेले आकडे सोबत असतील, तर तुमच्या डॉक्टरांना मात्रा ठरवणे बरेच सोपे जाईल.